सांगली-मिरजेतल्या लॉन, कार्यालय, हॉटेल आणि इव्हेंटवाल्यांना एका गिटारवाल्याचं खुलं पत्र

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या सगळ्या लॉनवाल्यांना, मंगल कार्यालयवाल्यांना, हॉटेलवाल्यांना आणि इव्हेंट मॅनेजर मंडळींना,

नमस्कार.

परवा तुमच्या ग्रुपवर जो मेसेज फिरला तो आमच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही, कारण तुमच्यातल्याच एक-दोघांना तो पटलेला नाही आणि त्यांनीच तो पुढं ढकलला. मेसेज असा की येत्या तुळशीच्या लग्नापासून लाइव्ह म्युझिकला सगळीकडं एकच रेट, त्यात साऊंड आणि गाडीखर्च धरूनच, ॲडव्हान्स बंद, पैसे पार्टीचा हिशोब मिटल्यावर, आणि बँड नवीन असेल तर पहिला कार्यक्रम "डेमो" म्हणून फुकट. खाली चार-पाच अंगठे, दोन नमस्कार, आणि एकानं लिहिलंय, "काय टेन्शन घेऊ नका, वाजवणारे पोत्यानं मिळतात."

रेटवरून घासाघीस आम्हाला नवीन नाही. ती समोरासमोर झाली असती तर आम्ही पण चहा पीत पीत केली असती. पण आम्हाला न विचारता, आम्ही ज्या ग्रुपमध्ये नाही तिथं आमचे पैसे कधी द्यायचे हे ठरवलं, आणि वर पोत्याची भाषा, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. नाव कुणाचंच घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल, आणि जे नीट वागतात त्यांनी अंगाला लावून घेऊ नये.

माझं थोडं सांगतो. मी मिरजेत राहतो, गिटार वाजवतो आणि घर त्याच्यावरच चालतं. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "ते झालं ओ, पण काम काय करता?" हेच काम आहे. सकाळी दोन बॅच, एक शाळेआधी पोरांची आणि एक नंतर गृहिणींची (त्यातल्या एक काकू एफचा बार कॉर्ड माझ्या निम्म्या पोरांपेक्षा साफ लावतात), दुपारी विश्रामबागला घरी जाऊन शिकवण्या, मधल्या वेळात कुणाच्या गिटारला तारा घालून दे, कुणाच्या पिकअपची तुटलेली वायर सोल्डर कर, आणि संध्याकाळी तुमचं लॉन नाहीतर तुमचं हॉटेल, नाहीतर जयसिंगपूर, इचलकरंजी, तासगाव, विटा जिथं बोलवाल तिथं, आणि मग रात्री पाठीला गिटार लावून टू-व्हीलरवर परत. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत तारा गंजतात, बरा सेट सहा-सातशेच्या खाली येत नाही, पिकअपला नऊ व्होल्टची बॅटरी लागते, हे सगळं आमच्या खिशातनं. सीझन तुळशीच्या लग्नापासून उन्हाळ्यापर्यंत, चातुर्मासात लग्नं बंद, गणपती-नवरात्रात थोडा हात चालतो. यंदा तर २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आला आणि ऐन सीझनमधला महिना कोरडा गेला. तुमच्या हॉलला कुलूप होतं तसं आमच्या पण गिटारा कपाटात होत्या. एवढं होऊन त्यानंतरच्या पहिल्याच सीझनला तुम्ही म्हणता ॲडव्हान्स बंद.

आता आपलं गाव. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीता स्वयंवर इथंच केलं म्हणून ५ नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन करतो. मिरजेला संगीतनगरी म्हणतो, आणि तुमच्यातले बरेच जण ब्रोशरवर आणि गेटवरच्या फ्लेक्सवर सतार-तंबोऱ्याचं चित्र लावून ते वापरतात. वापरा की, गाव सगळ्यांचंच आहे. फक्त त्याच गावातली एक गोष्ट सांगतात ती पण ऐका. विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकत होते तेव्हाची. एका समारंभाचं आमंत्रण पलुस्करांना आलं आणि बुवांना आलं नाही. का म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं त्याचा अर्थ एवढाच की ते काय, गाणारे. १८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, गाणाऱ्यानं ताठ मानेनं पैसे घ्यावेत हे लोकांच्या गळी उतरवलं. आज ज्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देशभर होतात ते मंडळ मिरजेचंच, माझ्या शेजारची पोरगी आत्ता तबल्याच्या परीक्षेला बसतीये. आणि आपण सव्वाशे वर्षांनी कुठं आलोय, तर "ते काय, वाजवणारे, पोत्यानं मिळतात."

"डेमो"वरून एकजण मला म्हणाले, अहो मिरजेत मोठमोठे कलाकार फुकट गातात, तुम्हाला काय झालं. म्हणजे ते ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाबद्दल बोलत होते. खरंय, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत तिथं संगीत सभा होते आणि देशभरातले कलाकार मानधनाचा विषय न काढता येऊन हजेरी लावून जातात. पण शेठ, तिथं ताटाला हजार रुपये लावलेले नसतात. तिथं कुणी स्टेज डेकोरेशनचं पॅकेज विकत नाही. तिथं जाणारा स्वतःहून जातो. आम्ही पण जातो, मागं बसून ऐकतो, कुणी सांगितलं तर सतरंज्या उचलतो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, माझ्या एका कीबोर्डवाल्या मित्राचं सगळं सामान गेलं, आणि तरी त्यानंतर मदतीसाठी जे कार्यक्रम झाले त्यात त्यानं दुसऱ्याचा कीबोर्ड मागून आणून फुकट वाजवलं. फुकट वाजवायचं कुठं ते आम्ही ठरवू. तुमच्या लॉनवर पार्टीकडनं "लाइव्ह बँड"चे पैसे घेऊन त्याला आमचा डेमो म्हणायचं हे चालणार नाही.

पैशाचं बोलायचं तर एकदाच सविस्तर बोलतो. कार्यक्रमाचे मला दोन-अडीच हजार मिळतात, मोठा असेल तर थोडे वर. हे पैसे "उद्या टाकतो"वर जातात. उद्या फोन केला तर "पार्टी अजून बसली नाही हिशोबाला", आठवड्यानं "साहेब गावाला गेलेत", महिन्यानं फोन उचलत नाहीत, आणि मग पुढच्या कार्यक्रमाची तारीख द्यायला तुमचाच फोन येतो आणि तोंडात साखर. मागचे मागितले तर "तुम्ही फारच पैशाचं बघता राव, कलाकार माणूस तुम्ही." आचाऱ्याला हे म्हणता का? मांडववाल्याला? जनरेटरच्या डिझेलला? नाही, कारण तो जनरेटर उचलून नेईल. आम्ही वाजवून झालेले सूर उचलून नेऊ शकत नाही, एवढाच काय तो फरक. आणि एक, दहा टक्के टीडीएस कापला म्हणून सांगता. कापा, कायद्यानं लागत असेल तर जरूर कापा, पण मग कापल्याचं सर्टिफिकेट द्या, माझ्या पॅनवर भरा. मी इन्कम टॅक्सच्या साइटवर माझ्या नावावर जमा झालेला टॅक्स उघडून बघतो तेव्हा तिथं काहीच नसतं. मग ते दहा टक्के गेले कुठं हे विचारायचा मला हक्क आहे की नाही?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक चाचा आहेत, त्यांचं उदाहरण देतो. माझ्या गिटारचा नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून खोल गेला होता, मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून झणझणायची. घेऊन गेलो तर वाजवून बघितलं आणि म्हणाले, "आम्ही दिवसभर जव्हारी घासून घासून जो आवाज आणतो, तो तू घालवायला आलायस व्हय रे?" जव्हारी म्हणजे सतारीची घोडी घासून तारांना आणलेली झणझण. मग त्या घोडीच्या कामातला एक हाडाचा तुकडा काढला, कानशीनं घासला, तार बसवून परत घासला, डोळ्याजवळ धरून बघितला, परत अर्धा केसभर घासला. त्यांनी पैसे आधीच सांगितले होते, काम झालं, मी हातात दिले, चहा झाला, विषय संपला. या लोकांचे पूर्वज शिकलगार, हत्यारं करणारे, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी वाद्यांकडं वळलेले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळाला तेव्हा तुमच्यातल्या सगळ्यांनी स्टेटस ठेवलं होतं. त्यांच्या गल्लीत मात्र असला हिशोब मिटल्यावरचा नियम मी तरी ऐकलेला नाही.

वेळेचं. आम्हाला चारला बोलावता, साऊंड चेकसाठी म्हणून. साऊंडवाला येतो साडेसहाला. मग सत्कार, मग व्याही भेट, मग केक, मग कुणाच्या तरी मामांचं भाषण, मग नवरा-नवरीचा व्हिडिओ, आणि आमचा नंबर लागतो साडेनऊला. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा हा २००० सालापासून देशभरचा नियम आहे, दहा म्हणजे दहा, आणि त्याबद्दल आमची तक्रार अजिबात नाही, शेजारच्या घरात पण म्हातारी माणसं आणि अभ्यासाची पोरं असतात. तक्रार पुढं आहे. अर्धा तास वाजवून बंद केलं की तुमचा माणूस येऊन म्हणतो, "तुमचं तर अर्ध्या तासाचंच झालं, थोडं ॲडजस्ट करा की." अरे, चारपासून आम्ही काय तुमच्या लॉनवर हवा खायला बसलो होतो?

आणि जेवण. हे लिहायला मला पण बरं वाटत नाही, पण लिहितो. कार्यक्रमाआधी जेवायला देत नाहीत कारण पाहुणे व्हायचेत, आणि कार्यक्रमानंतर काउंटर उचललेले असतात. तेवढं बघा. पाहुण्यांच्या पंगतीत बसवा असं कुणी म्हणत नाही, मागं वाढप्यांबरोबर बसवलं तरी चालेल, गरम असलं म्हणजे झालं.

मध्ये एक नवीन फॅशन आलीये ती पण सांगून टाकतो. गायक ट्रॅकवर गाणार, म्हणजे मागचं सगळं म्युझिक पेन ड्राइव्हमधनं, आणि आम्हाला सांगतात की गिटार लावू नका, नुसतं घेऊन उभं राहा, फोटोत लुक येतो. एकदा उभा राहिलो. समोर पहिल्या रांगेत माझाच एक विद्यार्थी आईबरोबर बसलेला आणि तो माझ्या डाव्या हाताकडं बघतोय की सर कुठला कॉर्ड धरतात. गायकानं "काळी चार" (म्हणजे जी शार्पची पट्टी) सांगितली की पहिल्या फ्रेटला कॅपोचा चिमटा लावून जीचे शेप धरायचे हे त्याला मी आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्यापुढं असलं काम मी घेत नाही. तुम्हाला ट्रॅकच पाहिजे असेल तर ट्रॅक लावा, स्वस्तात होईल, पण मग पार्टीला "लाइव्ह बँड" म्हणून बिल लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्याच्यावर मी घासाघीस करणार नाही. अर्थिंग.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे माझी बोटं कायम अर्थवर. गायचा माइक जातो मिक्सरला, मिक्सर दुसऱ्या सॉकेटवर, कधी दुसऱ्या फेजवर. दोन्हीकडं अर्थिंग नीट असेल तर काही होत नाही. नसेल, तर माझी बोटं तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला लागले की करंट ओठातनं बोटांत. तुम्हाला हे गमतीचं वाटत असेल पण ज्यानं खाल्लाय त्याला विचारा, डोळ्यापुढं पांढरं होतं, दात वाजतात, आणि समोर चारशे माणसं बसलेली असतात त्यामुळं तुम्ही हसता. हा झटका मी एकाच नाही, वेगवेगळ्या लॉनवर खाल्लाय. म्हणून हल्ली माइकला फोमची टोपी घालूनच गातो आणि अर्थिंग आहे का बघायला पिशवीत टेस्ट लॅम्प ठेवतो. तो लावून बघितलं की काय काय दिसतं माहितीये? तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला मागनं वायरच नसते. प्लगची अर्थ पिन बसत नाही म्हणून तोडलेली असते. स्टेजमागं तर मी असं बघितलंय की प्लगच नाही, दोन वायरी सॉकेटमध्ये खोचल्यात आणि निसटू नयेत म्हणून काडीपेटीच्या काड्या मारल्यात, आणि खाली लॉनला नुकतंच पाणी मारलेलं, गवत ओलं, आणि तिथंच लहान पोरं पळापळी खेळतायत. इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर म्हणतो, "काय होत नाय ओ, वाजवा तुम्ही, रोजचंच हाय."

रोजचं आहे हीच तर भानगड आहे. अर्थिंगचा खड्डा, कोळसा-मीठ घालून केलेला, उन्हाळ्यात सुकतो, त्यात पाणी ओतावं लागतं, हे तुमच्या इलेक्ट्रिशियनला माहिती असतं, पण ओतायला सांगणारं कुणी नाही. लग्नाचा सीझन नेमका त्याच दिवसांत. लाइट गेली आणि जनरेटरवर गेलो की वेगळंच, जनरेटरचं अर्थिंग कुठाय हे विचारलं तर सगळे एकमेकांकडं बघतात. स्टेजच्या लाइनला तीस मिलिॲम्पची आरसीसीबी बसवली तर गळती झाली की ती क्षणात लाइन पाडते, माणूस वाचतो, आणि तिची किंमत तुमच्या एका कार्यक्रमाच्या फुलांच्या कमानीपेक्षा कितीतरी कमी आहे. हे मी फक्त आमच्यासाठी मागत नाही. त्याच माइकवर नवरीचे वडील बोलतात, त्याच स्टेजवर पोरं नाचतात.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. पार्टी तुम्हाला पण लटकवते, शेवटच्या दिवशी माणसं वाढवते, डिझेल महाग, परवानग्यांना हेलपाटे, आणि लग्न मोडलं तर ॲडव्हान्स परत मागायला लोक कार्यालयात येऊन बसतात. ते कळतं. पण पार्टीकडनं तुम्ही बुकिंगलाच निम्मे घेता की नाही? त्यात आमचे निम्मे आलेच. आणि तुमच्यात एक-दोघं असे आहेत की शेवटचं गाणं झालं, केबल गुंडाळतोय तोवर पाकीट हातात, वर "गाडी सावकाश चालवा" म्हणणारे. त्यांच्या तारखेसाठी आम्ही दुसरीकडचं जास्त पैशाचं काम सोडतो, हे त्यांना पण माहिती नसेल.

तर मागण्या. तारीख पक्की करताना निम्मे पैसे, आणि उरलेले त्याच रात्री, यूपीआयनं टाका नाहीतर रोख द्या. कार्यक्रम आठवड्याच्या आत रद्द झाला तर ॲडव्हान्स परत मिळणार नाही, कारण ती तारीख आम्ही दुसऱ्याला नाही म्हटलेली असते. ज्या वेळेला बोलावलं तिथपासून आमचं काम सुरू धरायचं, उशीर तुमच्यामुळं झाला तर पैसे कापायचे नाहीत. फुकट डेमो नाही, ज्याला ऐकायचंय त्यानं आमच्या दुसऱ्या कार्यक्रमाला यावं किंवा प्रॅक्टिसला यावं, चहा आम्ही पाजू. साऊंडचे पैसे वेगळे, गाव सोडून असेल तर गाडीखर्च वेगळा. टीडीएस कापला तर सर्टिफिकेट. जेवण वेळेत. आणि प्रत्येक स्टेजला तपासलेलं अर्थिंग आणि आरसीसीबी, त्याचा इलेक्ट्रिशियनच्या सहीचा कागद आम्ही मागितला तर दाखवायचा. हे सगळं एका पानावर बसतं, मी टाइप करून ठेवलंय, ज्याला पाहिजे त्याला पाठवतो, तुमचे दोन मुद्दे त्यात घालायचे असतील तर घालू, बसून बोलू. एकच रेट पाहिजे असेल तर त्यावर पण बोलायला तयार आहे, पण किमान रेट ठरवू, वरचा नको.

आम्ही वीसेक जण आहोत, गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन बासवाले, आणि तबल्याची तीन पोरं जी मिरजेत अंबाबाईच्या नवरात्र महोत्सवात साथीला बसतात आणि तुमच्याकडं सूफी नाइटला पण येतात. आमचा पण ग्रुप झालाय आता. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा आम्ही निम्म्या पैशाशिवाय वहीत लिहिणार नाही असं ठरलंय, आणि टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग नाही असं दिसलं तर त्या स्टेजवर इलेक्ट्रिक वाद्य लावणार नाही, मग पार्टी कितीही मोठी असू दे. पैशाचं बोलणं चार दिवस पुढं-मागं झालं तरी चालेल. अर्थिंगचा खड्डा मात्र सीझनची वाट न बघता या आठवड्यातच उघडून बघा.

आपला,
तुमच्याच स्टेजवर डाव्या बाजूला उभा असतो तो गिटारवाला
मिरज